मेलबा दोन घरांची की तीन?

एका दिवाळी अंकातले महाशब्दकोडे पुरे करून पाठवले, त्याचा निकालही आला. कोडे २१ बाय २१ घरांचे, शब्द १८६. त्यातले ३४ शब्द गाणाऱ्या माणसांची नावे, आणि त्या चौतिसांत निम्मी युरोप-अमेरिकेतल्या ऑपेरा, म्हणजे तिकडच्या संगीतनाटकांतल्या, गायकांची. आपल्याकडे मराठी कोडी सोडवणारे पुष्कळ आहेत. पण ‘ला स्तुपेंदा म्हणून ओळखली जाणारी’ असे काही समोर आले की बहुतेक जण पान उलटतात. तसे करू नये, म्हणून हे तारखेवार लिहीत आहे. कोडे मराठीत असले की परदेशी नावही मराठीच्या नियमांनी सुटते, आणि ते नियम आपल्याला आधीच येत असतात.

अंक घेतला २८ ऑक्टोबर २०२४ ला, वसुबारसेच्या दिवशी, कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर. किंमत ३५० रुपये. कोड्याला हात लावण्याआधी नियमावली दोनदा वाचली. मूळ छापील पानच ग्राह्य, झेरॉक्स चालणार नाही. निळी किंवा काळी शाई. खाडाखोड झालेले घर चूक धरणार. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक मानणार नाहीत. जोडाक्षराला एकच घर. प्रवेशिका १५ डिसेंबरपर्यंत ‘पोहोचली’ पाहिजे, म्हणजे टपालाच्या शिक्क्याची तारीख चालणार नाही. कॅलेंडर पाहिले तर १५ डिसेंबरला रविवार, आणि १४ ला दुसरा शनिवार. घेणारे कार्यालयच बंद असेल तर पोस्टमन पाकीट परत नेतो. म्हणून खरी मुदत १३ तारखेची धरली. हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवावे.

त्याच दिवशी कोड्याच्या जोडपानाच्या तीन ए-थ्री झेरॉक्स काढल्या, प्रत्येकी १० रुपये. एक शिसपेन्सिलीने भरायला, एक फक्त नावे आजमावायला, एक राखीव. मूळ पान अंकातून कापले नाही, तसेच मिटून ठेवले.

पहिले चार दिवस एकाही नावाला हात लावला नाही. आधी म्हणी, व्याकरण, भाज्या, नद्या, नाती, भांडी असे साधे शब्द भरले. १ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, १०४ शब्द झाले होते. हा क्रम मोडू नये. मराठी कोड्यात प्रत्येक घरातून दोन शब्द जात नाहीत, बरीच घरे एकाच शब्दाची असतात. म्हणून जिथे दोन शब्द एकमेकांना छेदतात ते घर सोन्याचे. परदेशी नावाचे स्पेलिंग आपल्याला कितीही पाठ असले तरी कोडेकर्त्याने ते मराठीत कसे लिहिले आहे, हे त्या छेदघरातले अक्षरच सांगते. आधी नाव भरून ठेवले की मग त्याला जुळवण्यासाठी शेजारचा मराठी शब्द वाकवायचा मोह होतो, आणि तिथून सगळा कोपरा बिघडतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ५ नोव्हेंबरला वाचनालयात नाव घातले. आधारकार्डाची प्रत, दोन फोटो, ५०० रुपये अनामत आणि महिना ५० रुपये. अनामत परत मिळते, पावती जपायची. माहिती मोबाइलवरही मिळते, मग वाचनालय कशाला? नावाचे मराठी रूप पाहायला. जुनी संगीतविषयक मासिके, विश्वकोशाचे खंड आणि वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या शेजारी ठेवल्या की एकच गायक तीन प्रकारे लिहिलेला दिसतो. कोडेकर्त्याने यांतलेच एक रूप उचललेले असते.

त्यासाठी एक वही केली. तीन रकाने: व्यक्ती, लिहिण्याचे सगळे संभाव्य प्रकार, आणि प्रत्येक प्रकाराची घरे. सगळ्यांत जास्त उपयोग या तिसऱ्या रकान्याचा झाला.

सूचना अशी होती: ‘पीचच्या गोड पदार्थाला आणि कुरकुरीत टोस्टला जिचे नाव मिळाले ती ऑस्ट्रेलियन गायिका (३)’. नेली मेल्बा, १८६१ ते १९३१. पीच मेल्बा हा पदार्थ एस्कॉफिए या फ्रेंच आचाऱ्याने तिच्यासाठी केला होता. उत्तराबद्दल शंका नाही, पण मे-ल्बा ही घरे दोनच होतात आणि कोड्यात तीन. आठ दिवस ही जागा रिकामी राहिली. सुटली ती तिच्या नावाच्या उगमामुळे. तिचे मूळ नाव हेलन पोर्टर मिचेल, आणि ‘मेल्बा’ हे टोपणनाव मेलबर्न शहरावरून घेतलेले. मेलबर्न आपण मे-ल-ब-र्न असे ल सुटा ठेवूनच लिहितो. मग मे-ल-बा. मधल्या ल मधून खाली ‘लवंग’ जात होती, तीही बसली.

यातून जो नियम मिळाला तो पुढे सगळीकडे लागू पडला. घरे जुळत नसतील तर नाव टाकून देण्याआधी जोडाक्षर फोडून पाहायचे, किंवा सुटी अक्षरे जोडून पाहायची. मराठीत आपण शब्दाच्या मधला अकार बोलताना गिळतो, पण लिहिताना ठेवतो. परदेशी नाव लिहिताना कोणी बोलल्यासारखे जोडतो, कोणी सुटे ठेवतो. म्हणून तिकडच्या गायकांत सदरलँड पाच घरांची, तर सदर्लंड चार. अँडरसन पाच, अँडर्सन चार. टेबाल्डी तीन, टेबालडी चार. शालियापिन पाच, शल्यापिन चार. रफाराला वेगळे घर नसते: नॉर्मन म्हणजे नॉ, र्म, न. अनुस्वारही आपल्या अक्षराबरोबरच राहतो, त्यामुळे डोमिंगो तीन आणि लिंड दोन.

आपल्या नावांतही हे आहे. ‘खाँ’ लिहिले तर एक घर, ‘खान’ लिहिले तर दोन. अल्लादियाखाँ पाच घरांचे, अल्लादियाखान सहा. शाहू महाराजांच्या दरबारातल्या या गवयाचे नाव कोल्हापूरच्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही, पण मी ते आधी सहा घरांत भरले आणि शेवटचे अक्षर काळ्या घरावर आले.

दुसरी गोष्ट सूचनेच्या भाषेची. इंग्रजी कोड्यात ‘सिंगर’ म्हटले की बाई की पुरुष ते कळत नाही. मराठीत क्रियापद, विशेषण, सर्वनाम सगळे लिंग सांगून टाकते. ‘गाणारी’, ‘गाजलेला’, ‘जिचे’ एवढ्यावर निम्मी नावे गळतात. या कोड्यात आणखी एक खूण सापडली. आपल्या कलावंतांसाठी कोडेकर्ता आदरार्थी बहुवचन वापरत होता आणि परदेशी कलावंतांसाठी एकवचन. ‘गेल्या’ असेल तर आपल्याकडच्या, ‘गेली’ असेल तर तिकडची. हा काही नियम नव्हे, लेखकाची सवय आहे. पण पहिल्या वीस-पंचवीस सूचनांत अशी सवय हेरून ठेवली की पुढे तासच्या तास वाचतात.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण कोड्याच्या मधोमध होते. आडवा शब्द: ‘सूरश्री (५)’. उभा शब्द: ‘सूरश्री गेल्या त्याच दिवशी पॅरिसमध्ये गेलेली सोप्रानो (३)’. सोप्रानो म्हणजे सर्वांत उंच आवाजाची गायिका. सूरश्री म्हणजे केसरबाई केरकर, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, के-स-र-बा-ई. त्यांचे निधन १६ सप्टेंबर १९७७ ला झाले. त्याच तारखेला पॅरिसमध्ये मारिया कॅलस गेली. तिची तीन घरे कॅ-ल-स, आणि दोन्ही नावे स वर एकमेकांना छेदत होती. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघालेल्या दोन व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे, हे ठाऊक असणाऱ्याला १९७७ साल लगेच सुचले असते. मला ते तारखेच्या वाटेने, वहीत जन्म-मृत्यूच्या तारखा उतरवताना मिळाले. कोडे करणाऱ्याने हे दोन शब्द एका अक्षरावर आणून बसवायला किती बैठका मारल्या असतील! तेवढा भाग पुरा झाल्यावर त्या संध्याकाळी पुढचे काही सोडवलेच नाही.

म्हणून वहीत चौथा रकाना तारखांचा घालावा. साल जुळवणाऱ्या सूचना अशा कोड्यात फार असतात. एन्रिको कारुसो आणि फ्योदोर शालियापिन दोघेही १८७३ चे. बेनियामिनो जिली १८९० चा, आणि आपले गायक-नट केशवराव भोसले व चित्रपट काढणारे बाबूराव पेंटरही १८९० चेच. कारुसो ऑगस्ट १९२१ मध्ये गेला, केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. खासबाग मैदानाला लागून असलेले केशवरावांच्या नावाचे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. त्यामुळे ‘संगीतसूर्य (५)’ ही सूचना भरताना हात थोडा थांबला. के-श-व-रा-व.

कारुसोची सूचना लांबलचक होती: ‘मिलानमध्ये ज्याने याचा आवाज तबकडीवर घेतला, त्यानेच त्याच वर्षी कोलकात्यात गौहरजानचा घेतला, तो टेनर (३)’. टेनर म्हणजे उंच आवाजाचा गायक. ध्वनिमुद्रण करणारा फ्रेड गायसबर्ग, साल १९०२, एप्रिलमध्ये मिलान आणि नोव्हेंबरमध्ये कोलकाता. लिहायची दोन रूपे: कारुसो आणि इटालियन उच्चाराला धरून कारूझो. दोन्ही तीन-तीन घरांची, म्हणजे मोजणी इथे उपयोगाची नाही. शेवटच्या घरातून ‘सोवळे’ खाली जात होते, म्हणून कारुसो. अशी घरसंख्या सारखी असलेली रूपे वहीत लाल शाईने खूण करून ठेवावीत. पाव्हरॉटी आणि पावारोत्ती ही दोन्ही चारच घरांची, आणि त्यांत पहिले अक्षर सोडले तर एकही अक्षर सारखे नाही.

पदव्या आणि टोपणनावे एका बैठकीत पाठ करता येतात, कारण ती मोजकीच आहेत. ला दिव्हिना म्हणजे कॅलस, ला स्तुपेंदा म्हणजे जोन सदरलँड, ला सुपेर्बा म्हणजे मोन्सेरात काबाये. आपल्याकडे गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर, गानसरस्वती त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर. ‘स्वीडनची कोकिळा (२)’ म्हणजे जेनी लिंड. तिथे ‘भारतकोकिळा’ आठवून सरोजिनी नायडूंकडे जाऊ नये, त्या कवयित्री. तीन टेनरांच्या रोममधल्या १९९० च्या मैफलीवर दोन सूचना होत्या. पाव्हरॉटी, डोमिंगो, कारेरास यांतला चार घरांचा आणि ‘स’ ने संपणारा कारेरासच. आणि त्या मैफलीचा वाद्यवृंद चालवणारे मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता, तेही तिथेच होते.

आवाजांची नावे सगळी तोंडपाठ हवीत, कारण ती सूचनेतही येतात आणि उत्तरातही. बायकांत वरचा सोप्रानो, मधला मेझो-सोप्रानो, खालचा काँट्राल्टो. पुरुषांत टेनर, बॅरिटोन, बास. सूचनेत ‘ऑपेरातील’ एवढेच असेल तर जपून राहावे. ते पात्रही असू शकते, संगीतकारही. व्हेर्दी दोन घरांचा आणि पुच्चीनी तीन, पण ते गाणारे नव्हेत, रचणारे.

माझी सर्वांत मोठी चूक मात्र ऑपेरात झाली नाही, आपल्या गंधर्वांत झाली. सूचना होती ‘संगीत रंगभूमीवर गाजलेले गंधर्व (५)’. बालगंधर्व लिहून मोकळा झालो. शेवटची तीन घरे ‘गं-ध-र्व’ सगळ्या छेदांना चोख बसली, त्यामुळे शंकाच आली नाही. २४ नोव्हेंबरला कळले की पहिल्या दोन घरांतून जाणारे दोन्ही उभे शब्द सुटत नाहीत ते याचमुळे. बालगंधर्व पाच घरांचे, छोटा गंधर्वही पाच, देवगंधर्वही पाच. पहिल्या घरातून ‘छोकरा’ आला आणि छोटा गंधर्व ठरले. सहा घरांतही तोच पेच आहे: सवाई गंधर्व आणि कुमार गंधर्व. शेवट सारखा असलेली नावे भरताना ‘गंधर्व’, ‘बाई’, ‘बुवा’, ‘कर’ एवढेच आधी लिहावे आणि सुरुवातीची घरे छेद मिळेपर्यंत मोकळी सोडावीत. ‘केरकर’ आणि ‘आमोणकर’ निदान घरसंख्येने वेगळे पडतात, गंधर्व पडत नाहीत.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाच शब्द राहिले. त्यातला एक: ‘पाचगणीत शिकलेल्या रॉक गायकाबरोबर गायलेली बार्सिलोनाची सोप्रानो (३)’. रॉक गायक म्हणजे फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारुख बलसारा. सोप्रानो मोन्सेरात काबाये. पण शेवटच्या घरातून ‘लेझीम’ खाली जात होते. म्हणजे कोडेकर्त्याने उच्चार सोडून स्पेलिंग धरले, का-बा-ले. इथे एक गाठ मारून ठेवावी: एकच माणूस एका नावात इटालियन उच्चार पाळतो आणि दुसऱ्या नावात इंग्रजी स्पेलिंग. त्याच्या मासिकात, त्याच्या लहानपणच्या वर्तमानपत्रात जे रूप त्याने पाहिले तेच तो लिहितो. प्रत्येक नावाला पुन्हा पहिल्यापासून तपासावे.

८ डिसेंबरला मूळ पानावर उतरवले. दोन तास लागले. आधी सगळे पेन्सिलीने फिकट लिहायचे नाही, कारण खोडल्यावर दिवाळी अंकाचा गुळगुळीत कागद चमकतो आणि शाई धरत नाही. सरळ पेनाने, एक ओळ झाली की पट्टी खाली सरकवत. जेलपेन त्या कागदावर पसरते, साधे बॉलपेन बरे. रफार आणि मात्रा घराच्या आतच राहतील इतके अक्षर लहान काढावे. वर गेलेला रफार वरच्या घरातल्या अक्षराचा उकार वाटतो. पान तुटक रेषेवर कात्रीने कापले, कूपन डिंकाने चिकटवले. पिन लावू नका, असे नियमात होते.

९ डिसेंबरला, सोमवारी, स्पीड पोस्टने पाठवले. पन्नास ग्रॅमच्या आत वजन, ४१ रुपये ३० पैसे. पावतीवरच्या क्रमांकाने ११ तारखेला दुपारी पोहोचल्याचे दिसले. साध्या टपालाने पाठवले असते तर हे समजायला मार्गच नव्हता. अनामत सोडून एकूण खर्च ५७१ रुपये झाला: अंक, झेरॉक्स, वाचनालयाचे दोन महिने, पेन-पेन्सिल-वही, पाकीट आणि टपाल.

मग वाट पाहणे. निकाल जानेवारीअखेर, असे छापले होते. पत्र आले १८ फेब्रुवारीला. मधल्या काळात कार्यालयाला फोन करून उपयोग नसतो, ‘पत्रव्यवहार केला जाणार नाही’ हे नियमातच असते. दोन चुका आणि उत्तेजनार्थ १००० रुपये. पत्राबरोबर एक नमुना होता: पॅनची प्रत, रद्द केलेला चेक, पत्त्याचा पुरावा, आणि नाव सर्वत्र सारखे असल्याची सही. माझ्या बँक खात्यात वडिलांचे नाव आद्याक्षराने आहे, प्रवेशिकेवर पूर्ण लिहिले होते. एवढ्यावरून कागद एकदा परत आले. कूपनवर नाव लिहिताना पासबुक समोर ठेवावे. एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. आयकर कायद्यात लॉटरीच्या शेजारी शब्दकोड्याच्या बक्षिसाचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. रक्कम १०,००० रुपयांच्या वर असेल तर ३० टक्के कर आधीच कापून देतात. कमी असेल तरी विवरणपत्रात दाखवावी लागते. पैसे २७ मार्चला जमा झाले, गुढीपाडव्याच्या तीन दिवस आधी.

चुकांपैकी एक साधा मराठी शब्द. ‘मृदंगाच्या कुळातले वाद्य (४)’ याला ‘पखवाज’ लिहिले, उत्तर ‘पखावज’. मधली दोन्ही घरे उघडी, छेद नाही. दोन्ही रूपे चालतात.

दुसरी चूक बेनियामिनो जिलीची. दोन घरे. दुसऱ्यातून ‘सावली’ येत होती, म्हणजे ली नक्की. पहिले घर उघडे. नावाच्या स्पेलिंगमध्ये ग दोनदा आहे, आणि आदल्याच आठवड्यात काबालेमध्ये कोडेकर्ता स्पेलिंगवर गेलेला पाहिला होता, म्हणून ‘गिली’ लिहिले. उत्तर ‘जिली’. स्पेलिंग धरले असते तर दुसऱ्या घरात ‘ग्ली’ यायला हवे होते. तिथे नुसते ‘ली’ आले, म्हणजे इटालियन उच्चार धरला होता, आणि इटालियनमध्ये ‘ग’ पुढे ‘इ’ आली की तिचा ‘जि’ होतो. मी मात्र एकाच नावातले पहिले अक्षर इंग्रजी ठेवले आणि दुसरे इटालियन.